ओढीची वीस मिनिटं : जुगार सोडवणाऱ्या ॲपबरोबरचे पहिले तीन महिने

जुगार सोडवण्यासाठी असलेलं उपचाराचं ॲप फोनमध्ये आलं की पहिल्याच रात्री त्यातले सगळे धडे वाचून काढावेसे वाटतात. त्याने फारसं काही होत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात या उपचारातून जाणाऱ्यांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर बसताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ॲप कामाला येतं ते दिवसातल्या मोजक्या मिनिटांत, म्हणजे ओढ उठली आहे आणि पैसे अजून लागलेले नाहीत एवढ्याच वेळात. आणि त्या वेळी पैसे हाताशी मोकळे असतील तर कितीही चांगलं ॲप कमी पडतं. म्हणून आधी पैशाच्या वाटा बंद करायच्या, मग रोजची नोंद चालू करायची आणि धडे त्यानंतर.

ॲप सुरू होतं ते प्रश्नावलीने. बऱ्याच ॲपमध्ये ‘पीजीएसआय’ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी असते. गेल्या १२ महिन्यांत झेपणार नाहीत एवढे पैसे लावले का, गेलेले काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलात का, त्यासाठी उसने घेतले किंवा काही विकलं का, घरात पैशाची ओढाताण झाली का, असे ते प्रश्न. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. ३ ते ७ म्हणजे मध्यम धोका, ८ किंवा वर म्हणजे जुगार हाताबाहेर गेलेला. आपल्याकडे गडबड होते ती हिशेबात काय धरायचं इथेच. मोबाइलवरचं विमान (ते उडतं तोवर पट वाढत जाते आणि निघून जायच्या आत पैसे सोडवायचे, असा खेळ) आणि रमी तेवढी मोजली जाते. मटक्याचा आकडा, क्लबातली तीन पत्ती, झन्नामन्ना, मॅचवर मित्रामित्रांत लागलेले हजार-दोन हजार, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) पत्ते हे सगळं ‘ते तर सगळेच खेळतात’ म्हणून सुटतं. मग गुण येतात पाच आणि माणूस निश्चिंत होतो. प्रश्नावली भरताना बायको, भाऊ किंवा वडील शेजारी असावेत आणि पैसा लावून खेळलेला प्रत्येक प्रकार धरावा.

याच पायरीवर आणखी एक चौकशी व्हायला हवी, जी पुष्कळ ॲप करतच नाहीत: चालू गोळ्या कोणत्या? कंपवातासाठी दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं आणि मानसिक आजारांत वापरलं जाणारं ॲरिपिप्राझोल यांनी काही जणांत जुगाराची ओढ नव्याने सुरू होते. गोळी चालू झाल्यानंतर जुगार लागला असेल तर ते डॉक्टरांना सांगणं हाच पहिला उपचार. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही. दारू, खूप दिवसांचं नैराश्य, किंवा मध्येच झोप न लागता अंगात भलताच उत्साह येऊन पैसा उधळणं, यांतलं काही असेल तर ॲप एकटं पुरत नाही. तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जाता येतं. घरून बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. २०१३ पासून जुगाराची विकृती ही दारू आणि इतर नशांच्या व्यसनांच्याच गटात धरली जाते, त्यामुळे ‘याला काय डॉक्टर लागतो’ हा घरातला वाद तिथे संपायला हवा.

आता पैशाच्या वाटा. या कामाला एक अख्खी दुपार काढावी आणि घरचं विश्वासाचं एक माणूस सोबत घ्यावं. यूपीआयचं ॲप नुसतं फोनमधून काढून टाकलं तर यूपीआय आयडी तसाच राहतो, पुन्हा टाकलं की दोन मिनिटांत चालू. आधी ॲपच्या प्रोफाइलमध्ये जाऊन आयडी रद्द करायचा, बँक खातं काढायचं आणि मग ॲप. फोनमध्ये अशी दोन-तीन ॲप असतात, एखादं विसरलेलं असतं. एटीएम कार्डाचा ऑनलाइन वापर बँकेच्या ॲपमधून बंद करता येतो; २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ही सोय ग्राहकाला द्यावीच लागते. पगार ज्या दिवशी जमा होतो त्याच दिवशी ठरलेली रक्कम घरच्या खात्यात जाईल अशी स्थायी सूचना बँकेत द्यावी. एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांचे पगाराचे दोन-तीन दिवस फार नाजूक असतात, तेवढ्यासाठी तरी हे करावंच.

यूपीआयशिवाय दुकानात चालत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर २०२४ मध्ये आलेली ‘यूपीआय सर्कल’ ही सोय उपयोगाची आहे. मुख्य खातेदार बायको किंवा भाऊ, आणि आपण दुय्यम. यात दोन प्रकार आहेत. पूर्ण अधिकार दिला तर महिन्याला कमाल १५,००० आणि एका वेळी कमाल ५,००० रुपये आपण थेट खर्च करू शकतो. अंशतः अधिकारात प्रत्येक व्यवहार मुख्य खातेदार स्वतःच्या पिनने मंजूर करतो. सुरुवातीला दुसराच प्रकार घ्यावा. पेट्रोल, चहा, बसभाडं यापुरती रोख रोज सकाळी मोजून घ्यावी.

शेतात एक दारं बांधलं की पाणी दुसऱ्या दाऱ्याने निघतं, पैशाचंही तसंच होतं. यूपीआय बंद झालं की हातउसने सुरू होतात, मग भिशी मध्येच उचलली जाते, मग पतसंस्थेत सोनं जातं. कापसाचा चुकारा, केळीचं पेमेंट, ट्रॅक्टरच्या भाड्याची रोकड या वाटा शहरात बनलेल्या ॲपला माहीतच नसतात. ‘उत्पन्न’ या रकान्यात महिन्याचा पगार टाका म्हणतात. शेतकऱ्याला वर्षातून तीन-चारदाच मोठी रक्कम येते आणि धोका त्या आठवड्यात सगळा एकवटलेला असतो. त्या तारखा ॲपच्या कॅलेंडरमध्ये आपण हाताने टाकायच्या, आणि चुकारा आधीच घरच्या दुसऱ्या सदस्याच्या हाती पडेल असं ठरवायचं.

जुगाराच्या साइट अडवणारी वेगळी ॲप असतात. बेटब्लॉकर हे त्यातलं मोफत मिळणारं; गॅमबॅन हे पैसे भरून. अँड्रॉइडवर अशी ॲप बहुधा व्हीपीएनची परवानगी मागतात, ती द्यावी लागते. किती काळ अडवायचं हे विचारलं की लांबची मुदत निवडावी, चोवीस तासांची नाही. ही ॲप अडवतात साइट. व्हॉट्सॲपवरचा एजंट त्यांना अडवता येत नाही. २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. ओळखीची मोठी ॲप पैशाचे डाव बंद करून बसली, पण त्याच गावात कुणीतरी ‘आयडी’ विकतोच आहे. आयडी म्हणजे परदेशी साइटचं नाव आणि पासवर्ड. पैसे भरायला दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्याचा क्यूआर येतो. एजंटचा नंबर ब्लॉक करावाच, पण त्याआधी ती चॅटही पुसावी, कारण अनब्लॉक करायला एक सेकंद लागतो. टेलिग्रामचे ‘आजचा पक्का आकडा’ छापाचे गट सोडावेत. कर्ज फेडायला म्हणून कुणी ‘तुझं खातं वापरायला दे, कमिशन देतो’ म्हणालं तर चुकूनही देऊ नये. खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस खातेदाराला येते.

जाहिरातींचंही बघावं. गूगल खात्याच्या ‘माय ॲड सेंटर’मध्ये संवेदनशील विषयांच्या यादीत जुगार हा पर्याय आहे, तो बंद करता येतो. जाहिराती पूर्ण थांबत नाहीत, कमी होतात.

एवढं झाल्यावर उपचाराचं ॲप. निवडताना एवढंच पाहावं की ते कॉन्टॅक्ट आणि एसएमएस वाचायची परवानगी मागत नाही ना. ओढीची नोंद ठेवायला आणि श्वासाचा व्यायाम चालवायला ह्या परवानग्या लागत नाहीत. टाकल्यावर पहिली तक्रार येते, ‘आठवणच येत नाही हो ॲपची.’ स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप मारून टाकतात, म्हणून सूचना येत नाहीत आणि साइट अडवणारं ॲपही गप्प पडतं. सेटिंगमध्ये दोन्ही ॲपना ऑटोस्टार्ट चालू करावं आणि बॅटरीचं बंधन काढावं. धडगाव, अक्कलकुवा भागात किंवा शेतात रेंज जाते, म्हणून व्यायामाचे ऑडिओ आधीच डाऊनलोड करून ठेवावेत.

आता या उपचाराचा गाभा, ओढीची नोंद. ॲप विचारतं: किती वाजले, कुठे आहात, सोबत कोण, ओढ ० ते १० मध्ये किती, मनात काय आलं, मग काय केलं. चांगली नोंद अशी असते: ‘संध्याकाळी ६:५०. पाचोरा स्टँड. एकटा. ओढ ८. मित्राने जिंकल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. मनात: आज मन्हा दिन शे (आज माझा दिवस आहे). फोन फ्लाइट मोडवर टाकला, चहा घेतला. ७:१५ ला ओढ ३.’ मनात आलेलं वाक्य जसं आलं तसं अहिराणीत लिहावं. शुद्ध भाषेत ‘मला जिंकण्याची शक्यता वाटली’ असं लिहिलं की त्यातला जोर निघून जातो आणि पुढच्या वेळी ते वाक्य डोक्यात आलं तरी ओळखू येत नाही. टायपिंगचा कंटाळा असेल तर बोलून नोंद करावी, पण करावी त्याच क्षणी.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दिवसभर नोंद होत नाही आणि रात्री झोपताना आठवून चार ओळी भरल्या जातात. रात्रीच्या आठवणीत ओढ एक तर शून्य असते किंवा दहा. मधली चढउतार गेलेली असते, आणि चढउतार समजणं हाच तर उपचार आहे. दुसरी चूक म्हणजे फक्त हरलेल्या दिवसाची नोंद. ओढ आली आणि खेळलो नाही, या दिवसांची नोंद त्याहून मोलाची, कारण काय केल्याने टळलं ते तिथेच सापडतं. जिंकल्याचीही लिहावी. मोठ्या जिंकण्यानंतरचे दोन दिवस हरल्यानंतरच्या दिवसांइतकेच धोक्याचे असतात.

दोन आठवड्यांच्या खऱ्या नोंदी जमल्या की चित्र दिसू लागतं. कुणाची ओढ पगाराच्या दिवशी उठते, कुणाची बाजारच्या दिवशी, कुणाची बायको माहेरी गेली की. आयपीएलच्या दिवसांत ती सातला, टॉसच्या वेळी उठते. आकडेवाल्यांची ओपन आणि क्लोजच्या, म्हणजे आकडा निघण्याच्या, वेळेआधी. एकदा वेळ कळली की ॲपची सूचना त्या वेळेच्या वीस-तीस मिनिटं आधी लावायची. सकाळी नऊला ‘आज तुम्हाला कसं वाटतंय’ विचारणारी सूचना कुणाच्याही कामाची नसते.

ओढ उठल्यावर करायचा व्यायाम साधा आहे. ती चढते, टोकाला जाते आणि तिला खतपाणी मिळालं नाही तर बहुधा वीस ते तीस मिनिटांत उतरते. टायमर लावायचा. बसायचं. ओढ अंगात कुठे जाणवते ते बघायचं: छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात खड्डा. दर पाच मिनिटांनी आकडा द्यायचा. तिच्याशी भांडायचं नाही आणि या वेळात पैशाचा कोणताही निर्णय घ्यायचा नाही. पहिल्या काही वेळा आठवरून सहावर येऊनच थांबते, तरी ते यश आहे. अडचण अशी की टायमर ज्या फोनमध्ये, त्याच फोनमध्ये खेळही. ॲप उघडायला हात गेला आणि मध्येच एजंटचा मेसेज दिसला, हे फार होतं. म्हणून व्यायामाचं बटण होमस्क्रीनवर पहिल्या जागी, बाकीच्या सूचना बंद, आणि व्यायाम सुरू करताना फ्लाइट मोड. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी तो ऑडिओ साध्या बटणाच्या फोनमध्ये मेमरी कार्डावर घालून घ्यावा आणि मोठा फोन घरच्याकडे द्यावा. हा उपाय चांगला चालतो.

धडे तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू केलेले बरे, कारण तोवर स्वतःच्या नोंदी हाताशी असतात. विचारातल्या चुकांचा धडा सर्वांत महत्त्वाचा. ‘सात आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणारच’ ही सर्वांत मोठी चूक. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटची गोळी सलग २६ वेळा काळ्यावर पडली. ‘आता तांबडं येणारच’ म्हणत लोक तांबड्यावर लावत राहिले आणि बुडाले. गोळीला मागचं काही आठवत नसतं. ॲप रुलेटचं उदाहरण देतं, आपण आकड्याचं करून बघावं. एकेरी आकड्याला साधारण १ रुपयाला ९ असा भाव असतो. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर १०० जातात आणि ९० येतात. ते ९० पुन्हा तसेच लावले की ८१. पाच फेऱ्यांत १०० चे सुमारे ५९ उरतात, आणि यात नशीब कुणावर रुसलेलं नाही. हा हिशेब कागदावर स्वतःच्या हाताने करावा. दुसरी चूक थोडक्यात हुकण्याची: विमान दोन पटीला सोडायचं होतं आणि ते जरासं आधीच निघून गेलं. हे मनाला हरल्यासारखं वाटतच नाही, जिंकता जिंकता राहिल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच पुढचा डाव लागतो.

या सुमारास झोप उडते, चिडचिड होते, संध्याकाळ खायला उठते. ॲप पोहायला जा, नवा छंद धरा असं सुचवतं. इथे भजनी मंडळ, पहाटेचं पळणं, मुलाचा अभ्यास, शेतातलं अडलेलं काम जास्त टिकतं. क्रिकेट बघण्याऐवजी खेळावं.

कर्जाची यादी मात्र एका वहीत हवी, ॲपमध्ये नको, कारण ती घरात सर्वांनी बघायची आहे. कुणाचे, किती, शेकडा किती. ५०,००० रुपये शेकडा ५ ने म्हणजे महिन्याला २,५०० नुसतं व्याज, वर्षाचे ३०,०००. हे लिहिल्याशिवाय दिसत नाही. बेकायदा सावकारी असेल तर २०१४ च्या राज्याच्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. घरच्यांनी जमीन विकून एका फटक्यात सगळं फेडून टाकू नये. हात मोकळे झाले की पुन्हा उसने मिळतात. हप्ते ठरवावेत आणि पैसे घरच्यांनी थेट देणेकऱ्याला द्यावेत.

घसरण होते. ती झाली की चोवीस तासांत तीन गोष्टी लिहायच्या: किती गेले, पैसा कोणत्या वाटेने मिळाला, त्याआधीच्या तासात काय झालं. मग ती वाट बुजवायची. बऱ्याच ॲपमध्ये ‘सलग दिवस’ मोजणारा आकडा असतो आणि तो घसरल्यावर शून्यावर येतो. तो दाखवणं बंद करावं. चाळीसचं शून्य झालं की ‘आता गेलंच’ म्हणून माणूस राहिलेलंही लावून टाकतो. त्याऐवजी महिन्यातले न खेळलेले एकूण दिवस मोजावेत. कर्ज उघडं पडल्यावर, किंवा घसरणीच्या रात्री, जीव द्यावासा वाटणं या आजारात घडतं आणि घरच्यांनी ते बोलणं धमकी समजू नये. त्या रात्री माणसाला एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं कुलपात ठेवायची, १४४१६ ला फोन लावायचा, आणि लगेचचा धोका वाटला तर ११२ किंवा सरळ रुग्णालय. अशा वेळी ॲप उघडत बसू नये.

खान्देशात वर्षाचा सर्वांत अवघड काळ म्हणजे आखाजीच्या आगेमागे. पत्त्यांचे डाव बसण्याची जुनी चाल, पाव्हणे जमलेले, शेतात काम कमी, आणि वरून आयपीएल चालू. त्याची तयारी पंधरा दिवस आधी करावी. कोणत्या पाव्हण्याकडे डाव बसतो, तिथे जायचं की नाही, गेलं तर कुणासोबत, किती वाजता निघायचं, खिशात किती रोकड, हे ॲपच्या ‘अवघड प्रसंग’ या भागात लिहून ठेवावं. ‘बस ना रे दाजी, एक हात’ याला उत्तरही लिहून ठेवावं. ‘पैसे नाहीत’ म्हटलं की उसने पुढे येतात. ‘मी खेळत नाही, औषध चालू आहे’ एवढं पुरतं.

तीन महिन्यांनी पीजीएसआय पुन्हा भरली की गुण तसेच दिसतात आणि माणूस खचतो. ती चाचणी गेल्या १२ महिन्यांचं विचारते, त्यामुळे जुने महिने त्यात येणारच. प्रगती बघायची ती आठवड्याच्या तीन आकड्यांत: खेळलेले दिवस, लागलेले पैसे, ओढीचा सर्वांत वरचा आकडा. ते उतरत असतील तर पैशाचा ताबा थोडा थोडा परत घ्यायला हरकत नाही. आधी रोजची रोकड आठवड्याची करावी, महिनाभर नीट गेलं तर यूपीआय सर्कलचा पूर्ण अधिकार, तोही कमी मर्यादेचा. कार्डाचा ऑनलाइन वापर सर्वांत शेवटी. आणि फोन बदलला तर साइट अडवणारं ॲप, ऑटोस्टार्ट, व्हीपीएनची परवानगी हे सगळं नव्या फोनमध्ये पुन्हा बसवावं लागतं. ते झाल्याशिवाय त्यात सिम टाकू नये.